कार्डांच्या गठ्ठ्यांतून उभें राहिलेलें बेट

ग्रंथालयांतील कार्डांची पेटी आपण पाहिलीच असेल. तसल्या रुक्ष पेटींतून एखादें अद्भुत बेट वर येईल, असें कोणास स्वप्नांत तरी वाटेल काय? संगणकाच्या इतिहासांत मात्र हें घडलेलें आहे.

सन १९८७ मध्यें अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें 'हायपरकार्ड' नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिचा कर्ता बिल ॲटकिन्सन. ती मॅकिंटॉश यंत्राबरोबर विनामूल्य मिळावी, अशी त्याची अट होती. पडद्यावर एक कार्ड दिसे. त्यावर मजकूर, चित्र व बटनें. बटन दाबतांच दुसरें कार्ड पुढें येई. बटनामागील आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांच्या इतक्या जवळ होत्या कीं, 'पुढील कार्डावर जा' असें लिहावें आणि यंत्रानें तें मानावें. टिपणें व याद्या ठेवण्यास हें साधन सोयीचें; खेळ रचण्यासाठीं तें घडविलें नव्हतें.

रँड व रॉबिन मिलर या बंधूंनीं तेंच हातीं घेतलें. रँड बँकेंत संगणकाचें काम करी. रॉबिनचा ओढा चित्रकलेकडे. मुलांसाठीं पुस्तक करावें म्हणून रॉबिननें रस्त्यावरील भुयाराचें झांकण काढलें. बटन दाबतांच झांकण सरकलें व आंतून वेल वर आला. मग पान उलटण्याचें कोणास सुचतें? वेलीबरोबर वर जावें कीं भुयारांत उतरावें, या कुतूहलांतूनच १९८८ मध्यें 'द मॅनहोल' हा हार-जीत नसलेला खेळ जन्मास आला.

पुढें १९९३ मध्यें त्यांचा 'मिस्ट' निघाला. निर्जन बेटावरील प्रत्येक दृश्य म्हणजे एक कार्ड. अशीं सुमारें अडीच हजार चित्रें. हायपरकार्डास रंग मूळचे ठाऊक नव्हते. तेही बाहेरून जोडावे लागले. तरी त्याच्या साठ लाखांवर प्रती खपल्या.

परंतु या साधनाचा खरा मोठेपणा खपांत नाहीं. दुसऱ्याचा गठ्ठा उघडावा, बटनामागील आज्ञा वाचाव्या, त्यांत फेरफार करून पाहावा, अशा रीतीनें अनेकजण नकळत आज्ञालेखन शिकले. वापरणारा व घडविणारा यांच्यामध्यें भिंत नव्हती. २००४ मध्यें हायपरकार्डाची विक्री बंद झाली. त्यानंतरचीं यंत्रें कितीतरी देखणीं निघालीं. पण त्यांचें झांकण सहसा उघडत नाहीं.

आपल्या घरांतील मूल तासन्‌तास खेळतें म्हणून आपण रागावतों. त्याऐवजीं एकदां त्याला विचारावें : 'हा खेळ तुला करावयाचा असता, तर तूं कसा केला असतास?' विद्येचें झांकण कधीं कधीं एवढ्या एका प्रश्नानेंही सरकतें.