घरच्या जलतरण तलावासाठी नवा पंप निवडताना

लोणावळा, कर्जत, अलिबाग या परिसरातील बंगल्यांच्या आवारात लहान जलतरण तलाव आता सर्रास आढळतात. तलावातील पाण्याची शुद्धता ज्या पंपावर अवलंबून असते, तो मात्र बंद पडल्याखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही. पंप जळाला की घाईघाईने नवा आणला जातो आणि बहुधा तो जुन्यापेक्षा मोठा असतो. मोठ्या पंपाने पाणी अधिक स्वच्छ राहते, असा समज त्यामागे असतो. या समजापोटी विजेचे बिल वाढते, फिल्टरचे काम बिघडते आणि प्रसंगी जिवावरही बेतू शकते.

पाण्याचा हिशेब

पंपाची निवड अश्वशक्तीवरून न करता तलावातील पाण्यावरून करावी. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली यांचा मीटरमध्ये गुणाकार केला की घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. समजा, तलाव 8 मीटर लांब व 4 मीटर रुंद असून त्याची खोली एका टोकाला 1 मीटर व दुसऱ्या टोकाला दीड मीटर आहे. सरासरी खोली सव्वा मीटर धरल्यास त्यात 40,000 लिटर पाणी मावते. घरगुती तलावातील सर्व पाणी साधारणतः 6 ते 8 तासांत एकदा फिल्टरमधून जावे, असा ठोकताळा आहे. त्यानुसार या तलावाला ताशी 5,000 ते 6,700 लिटर विसर्ग पुरेसा होतो.

हेड म्हणजे काय?

गच्चीवरील टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचे हेड मुख्यतः इमारतीच्या उंचीवरून ठरते. तलावाचा पंप तलावातून घेतलेले पाणी तलावातच परत सोडतो. त्यामुळे उंचीचा हिशेब जवळपास फिटतो आणि पाइप, वळणे, व्हॉल्व्ह व फिल्टरमधील वाळू यांचा अडथळाच काय तो पार करावा लागतो. फिल्टर स्वच्छ असताना त्यावरील दाबमापी 0.6 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवीत असेल, तर तो अडथळा सुमारे 6 मीटरचा होतो. शोषणाच्या बाजूचे 2 मीटर मिळवले की एकूण हेड 8 मीटर झाले. दुकानात पंपाचा तक्ता मागून घ्यावा आणि 8 ते 10 मीटर हेडला तो ताशी किती पाणी देतो, हे पाहावे. वरील तलावाला ताशी सुमारे 7,000 लिटर देणारा, अर्धा ते पाऊण अश्वशक्तीचा पंप बहुधा पुरतो.

फिल्टर आणि पाइपची मर्यादा

वाळूच्या फिल्टरमधून पाणी वाजवीपेक्षा वेगाने गेले, तर अडकलेली घाण वाळूतून पुढे ढकलली जाऊन पुन्हा तलावात येते. 500 मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधून ताशी 8,000 ते 10,000 लिटरपेक्षा अधिक पाणी नेणे इष्ट नाही. उलटपक्षी पंप फारच लहान असल्यास बॅकवॉशच्या वेळी वाळू नीट धुतली जात नाही. शोषणाच्या पाइपमधील वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत असावा. 50 मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपसाठी ही मर्यादा ताशी सुमारे 10,500 लिटर येते.

पाइप तोच ठेवून विसर्ग दुप्पट केल्यास अडथळा जवळपास चौपट होतो. म्हणूनच पाऊण अश्वशक्तीच्या जागी दीड अश्वशक्तीचा पंप बसवला तरी पाणी दुप्पट मिळत नाही. विजेचा खर्च मात्र जवळपास दुप्पट होतो. रोज 6 तास पंप चालल्यास महिन्याला 100 ते 120 युनिट अधिक पडतात. वेग कमी-जास्त करता येणारे पंपही मिळतात. वेग निम्मा केला की विसर्ग निम्मा होतो, पण लागणारी शक्ती सुमारे एक-अष्टमांशावर येते. असा पंप महाग असला, तरी तलाव वर्षभर वापरात असल्यास त्याचा विचार जरूर करावा.

सुरक्षितता

पंप मोठा झाला की तलावाच्या तळाशी असलेल्या जाळीवरील ओढही वाढते. अमेरिकेत 2002 साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशा शोषणामुळे अडकून बुडाली. तिचे नाव दिलेल्या 2007 मधील कायद्याने तेथील सार्वजनिक तलावांना सुरक्षित झाकणे बंधनकारक केली. आपल्याकडेही तळाशी एकच सपाट जाळी असेल, तर नवा पंप सुरू करण्यापूर्वी ती बदलून घ्यावी. एकमेकांपासून सुमारे एक मीटर अंतरावर दोन शोषणद्वारे आणि त्यांवर फुगीर झाकणे असावीत. झाकणावर नोंदवलेली विसर्गाची मर्यादा पंपाच्या विसर्गाहून अधिक हवी. मोटरला उत्तम अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही अत्यावश्यक आहे.

खरेदीपूर्वी

पाणी हिरवट दिसू लागल्यास त्याचे खापर लगेच पंपावर फोडू नये. क्लोरीनचे प्रमाण, गाळणीच्या टोपलीतील कचरा आणि फिल्टरमधील जुनी वाळू आधी तपासावी. पंप बदलणे अटळच असेल, तर तलावातील पाणी, एकूण हेड, फिल्टरचा व्यास आणि पाइपचा व्यास हे चार आकडे कागदावर लिहून दुकानात जावे. हे आकडे हाती असल्यास विक्रेत्याच्या आग्रहापेक्षा तलावाच्या गरजेनुसार पंप निवडता येईल.