कळसूबाई–हरिश्चंद्रगड परिसर

कळसूबाई–हरिश्चंद्रगड परिसर : महाराष्ट्रातील सह्याद्रीचा सर्वांत उंच भाग. याचा बहुतांश अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो; उत्तरेला नाशिक, पश्चिमेला ठाणे आणि दक्षिणेला पुणे जिल्ह्याची हद्द लागते. कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर इथलेच. यातील सुमारे ३६२ चौ. किमी. क्षेत्र १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. ते पठार या ठिकाणी एकाएकी तुटते आणि खाली कोकण सुरू होते. या परिसरात पाहण्यासारखे, चढण्या-उतरण्यासारखे जे जे आहे, ते या तुटलेल्या कडेने घडवले आहे. समुद्राकडून आलेले ढग प्रथम तिच्यावरच आदळतात. म्हणून कड्याच्या टोकावरच्या घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि त्याच तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले अकोले पर्जन्यछायेत राहते.

कोकणकडा हे या कडेचे सर्वांत देखणे रूप. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेला अर्धवर्तुळाकार पसरलेला हा कातळ मधोमध आत वळलेला आहे. त्यामुळे काठावर पालथे पडून खाली पाहिले, तर कड्याची भिंत दिसतच नाही, थेट कोकणातली शेते दिसतात. खालून येणारा वारा या वाटीत अडकून वर उसळतो. कड्यावरून टाकलेले पान किंवा टोपी पुष्कळदा उलट वर येते. पावसाळ्यात दरी ढगांनी भरलेली असताना सकाळचा सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आला, तर समोरच्या ढगात पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली असते. हेच इंद्रवज्र. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये त्याची नोंद केली. ते दिसेलच असे नाही. त्यासाठी ढग, ऊन आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

गडावर चढायला सर्वांत सोपी वाट पाचनईची. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांबलचक आहे, तर कोकणातून कड्याच्या कुशीतून चढणारी नळीची वाट अंगावर येणारी, घसरड्या दगडधोंड्यांची आणि सरावलेल्यांनीच करावी अशी. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे. जवळच्या केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात भले मोठे शिवलिंग आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर रचला, अशी परंपरा आहे.

कळसूबाईची चढण बारी गावातून सुरू होते. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्याने आता शाळकरी मुलेही शिखर गाठतात. जिच्या नावाने शिखर ओळखले जाते, ती कळसू ही कोळ्याची मुलगी. झाडलोट आणि भांडी घासणे ही कामे करणार नाही, या अटीवर ती पाटलाकडे कामाला राहिली. अट मोडली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली, असे लोक सांगतात. नवरात्रात तिची यात्रा भरते. पलीकडच्या अलंग, मदन आणि कुलंग या तीन गडांची गोष्ट निराळी. इंग्रजांनी सुरुंग लावून कातळातल्या पायऱ्या उडवल्या, त्यामुळे अलंग आणि मदनवर आजही दोराशिवाय जाता येत नाही.

रतनगडाच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने आरपार पोखरलेले नेढे आहे. याच डोंगरात प्रवरा उगम पावते. पुढे जिच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती हीच नदी. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचे शिल्पसमृद्ध मंदिर आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाने प्रवरा अडवली. तेव्हापासून खालचा रंधा धबधबा बराचसा पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालतो. धरणाच्या पायथ्याचा छत्रीच्या आकाराचा अंब्रेला धबधबाही पाणी सोडले तरच दिसतो. पावसाळ्याखेरीज येणाऱ्याने आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची पाळी, सुरू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

साम्रद गावाजवळची सांदण दरी मात्र वरून दिसत नाही. सपाट माळावर जमीन एकदम दुभंगते आणि वाट भेगेत उतरते. दोन्ही बाजूंना शेकडो फूट कातळ, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतकी अरुंद जागा, अडकलेल्या शिळा आणि पायाखाली बर्फगार पाण्याचे डोह. पुढे दोराने टप्पे उतरत वाट कोकणात, डेहणे गावाकडे जाते. वर कुठेतरी पाऊस झाला तरी इथे लोंढा येतो आणि बाजूला सरायला जागा नसते. या दरीत गावातल्या वाटाड्याशिवाय उतरूच नये.

वाटाडे बहुधा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे. आज साहसाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक वाटा त्यांच्या पूर्वजांच्या बाजारहाटाच्या आणि गुरांच्या वाटा होत्या. इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ मध्ये ठाण्याला फाशी गेलेले महादेव कोळी राघोजी भांगरे याच डोंगरांतल्या देवगावचे. पाचनई, साम्रद, रतनवाडी इथे घरोघरी मुक्कामाची सोय होते आणि ताटात नागलीची भाकरी येते.

उंचावरच्या जंगलात शेकरू आढळते. उतारांवरची कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा डोंगर जांभळा होतो. मेच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आसपास, हिरडा, सादडा, जांभूळ अशा ठरावीक झाडांवर लक्षावधी काजवे एका लयीत लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. मोटारींच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या झोतांत ती हरवते, म्हणून वनखात्याने काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घातले आहेत. पुढे पाऊस स्थिरावला की काजवे नाहीसे होतात, आणि सांदणच्या डोहांत पाणी चढू लागून तिथली वाट हिवाळ्यापर्यंत बंद होते.