ग्लॉसॉप्टेरिस : नावापुरता नेचा

चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा खोऱ्याचा दगडी कोळसा पर्मियन कल्पातील, म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या अरण्यांपासून बनला आहे. त्या अरण्यांत ग्लॉसॉप्टेरिस या वृक्षांचे प्राबल्य होते. कोळशालगतच्या शेल खडकात त्यांच्या पानांचे ठसे आढळतात.

जिभेसारखे लांबट पान, ठळक मध्यशीर आणि जाळीदार शिरा यांवरून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अदोल्फ ब्रोंन्यार यांनी १८२८ साली या प्रजातीला नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जिभेसारखा नेचा' असा होतो. नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेल्या जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतही ही पाने होती.

नेच्यांना बिया नसतात. त्यांचा प्रसार बीजुकांनी होतो. दक्षिण आफ्रिकेच्या एड्ना प्लमस्टेड यांनी १९५२ साली या पानांना जोडलेल्या पुनरुत्पादक अंगांचे वर्णन केले. पुढे ऑस्ट्रेलियातील अश्मीभूत नमुन्यांत बियांची रचना स्पष्ट झाली. २००३ मध्ये तर परागनलिकेतील पोहणाऱ्या शुक्रपेशीही ओळखल्या गेल्या. अशा पेशी आज सायकस व गिंको यांच्यात आढळतात. त्यामुळे ग्लॉसॉप्टेरिसला नेच्यांतून काढून प्रकटबीज वनस्पतींत स्थान मिळाले. मात्र अन्य बीजधारी गटांशी त्याचे नेमके नाते कोणते, यावर एकमत नाही.

वर्गीकरणाची आणखी एक अडचण आहे. जीवाश्मांत झाडाचे अवयव सुटे सापडतात. म्हणून ग्लॉसॉप्टेरिस हे काटेकोरपणे केवळ पानाचे नाव ठरते. त्याच झाडाच्या मुळांना व्हर्टेब्रेरिया म्हणतात.

हीच पाने आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिकातही मिळतात. त्याच्या बिया महासागर ओलांडणे अवघड असल्याने हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या मताला बळकटी आली. त्या महाखंडाचे गोंडवन हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून पडले आणि चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती.

पर्मियनच्या अखेरीस, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, ही अरण्ये नामशेष झाली. गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्यात आढळणारी अश्मीभूत खोडे त्यानंतरच्या ज्युरासिक कल्पातील आहेत. चंद्रपूरच्या अरण्याचा पुरावा मात्र कोळशालगतच्या शेलमध्ये आहे. खाणीत हा खडक निरुपयोगी म्हणून ढिगाऱ्यावर टाकला जातो. तो वेळीच तपासला नाही, तर पानांचे ठसे त्यातच भुगा होऊन जातात.