गळालेली माणसे आणि राहिलेला हिशेब

1918 सालची मानमोडीची साथ पाहिलेली पिढी आता आपल्यांत उरलेली नाही. तरीही नागपूरच्या जुन्या घरांतून, पणजीची दोन भावंडे मानमोडीत गेली, असे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. त्या वर्षी पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाला तिने जो तडाखा दिला, तसा जगातल्या फार थोड्या मुलखांना बसला असेल. 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात काही संशोधकांनी देशोदेशींचा हिशेब मांडला. त्यात डेन्मार्कमधील जादा मृत्यू लोकसंख्येच्या 0.2 टक्के, तर नागपूर ज्याची राजधानी होती त्या आपल्या प्रांतातील 7.8 टक्के निघाले. म्हणजे शंभरांतील जवळजवळ आठ माणसे गेली.

हे आकडे मुळात आले कोठून? त्या काळी गावात कोण जन्मले, कोण मेले, याची खबर गावचा कोतवाल ठाण्यावर नेऊन देई. साथीच्या दिवसांत कोतवालही आजारी पडले आणि त्यांतले कित्येक दगावले. ज्या गावात मृत्यू सर्वांत अधिक, तेथलीच नोंद सर्वांत अपुरी राहण्याचा संभव सर्वांत मोठा. सरकारचे आरंभीचे अंदाज साठ लाखांच्या आसपास होते. 1921 ची खानेसुमारी झाल्यावर सबंध हिंदुस्थानातील बळींचा आकडा एक कोटी वीस लाखांच्या पुढे गेला. पुढच्या अभ्यासकांनी तो याहूनही वर नेला.

ही गोष्ट एका साथीची खरी, पण तिच्यातला पेच आजच्या वैद्यकशास्त्राचाही आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग ही दुखणी एका दिवसात उद्भवत नाहीत. त्यांची कारणे शोधायची तर हजारो माणसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे नजरेखाली ठेवावी लागतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी 1948 साली 5209 स्त्रीपुरुष घेऊन असा अभ्यास सुरू झाला. दर दोन वर्षांनी तपासणी, असा त्याचा क्रम. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगापुढे ठामपणे आला, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. पण वीस वर्षांत माणसे गाव सोडतात, कंटाळतात, अंथरुणाला खिळतात, मरतात. तपासणीच्या वहीत त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा राहतो. त्या कोऱ्या रकान्याचे करायचे काय?

संख्याशास्त्राने हा प्रश्न प्रथम सोडवला तो शेतात. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड येथील प्रयोगशेतीत काम करणाऱ्या फ्रँक येट्स यांनी 1933 साली, प्रयोगातील एखाद्या वाफ्याचे उत्पन्न हाती आले नाही तर बाकीच्या वाफ्यांवरून हिशेब कसा पुरा करावा, याची रीत सांगितली. समजा, कपाशीच्या प्रयोगात एका वाफ्यात गुरे शिरली. गुरांनी वाफ्यातले खत कोणते, हे पाहून तोंड घातलेले नसते. म्हणून शेजारच्या वाफ्यांवरून अंदाज करणे रास्त ठरते. माणसाचे मात्र तसे नाही. तो अभ्यासातून जातो तेव्हा बहुधा काही कारणाने जातो, आणि पुष्कळदा ते कारण ज्या दुखण्याचा अभ्यास चालला आहे त्यातच असते.

एक साधे गणित करून पाहू. समजा, शंभर रुग्णांना एक औषध दिले. वर्षअखेर साठ हजर राहिले आणि त्यांतल्या पंचेचाळीसांना गुण आला. हजर तेवढेच मोजले तर यश 75 टक्के. गैरहजर चाळीसांपैकी कोणालाच गुण आला नाही असे धरले तर 45 टक्के, आणि सर्वांना आला असे धरले तर 85 टक्के. औषध तेच, वही तीच. पण उत्तर 45 पासून 85 पर्यंत कोठेही असू शकते. औषधाने मळमळते म्हणून चाळीस जण उठून गेले असतील, तर 75 हा आकडा म्हणजे आपलीच केलेली फसवणूक होय.

1976 साली डोनाल्ड रुबिन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने या कोऱ्या जागांची फोड करून दाखवली. सोप्या भाषेत ती तीन प्रकारची आहे. पहिली निव्वळ योगायोगाची: रक्ताची बाटली हातातून पडून फुटली. दुसरी, जिचे कारण वहीतल्या इतर नोंदींवरून उमगते: म्हातारी माणसे कमी आली, पण त्यांची वये आपल्यापाशी लिहिलेली आहेत. तिसरी, जिचे कारण त्या कोऱ्या जागेतच दडलेले असते: साखर फार वाढली म्हणूनच माणूस तपासणीला आला नाही. आपल्या कोतवालाची गोष्ट या तिसऱ्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारासाठी रुबिन यांनी एक रीत रूढ केली. कोऱ्या जागी एकच आकडा न भरता संभाव्य असे अनेक आकडे पाळीपाळीने भरावेत, दर वेळी उत्तर काढावे, आणि उत्तरांत जेवढी तफावत पडेल तेवढी आपली अनिश्चिती उघड सांगावी. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, माणूस शेवटचा दिसला तेव्हाचाच आकडा पुढे ओढण्याचा प्रघात होता. निघून गेलेला माणूस जणू त्या दिवशीच थिजून राहिला! तिसऱ्या प्रकारावर मात्र केवळ गणिताचा इलाज नाही. तेथे निरनिराळी गृहीते धरून, निष्कर्ष कोठपर्यंत टिकतो आणि कोठे मोडतो, हे तपासून पाहावे लागते.

म्हणूनच 2010 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने बजावले, की माणसे गळू न देणे हाच पहिला उपाय. या बाबतीत महाराष्ट्राकडे दाखवण्याजोगे काम आहे. 1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास आरंभला. जन्मलेल्या मुलांची बारशाच्याही आधी मापे घेतली. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा तपासली गेली. बाराव्या आणि अठराव्या वर्षीही पाठपुरावा झाला. आपली बालके वजनाने हलकी असूनही अंगात चरबी राखून जन्मतात, हे या अभ्यासाने दाखवले. विलायतेत साडेतीन किलोचे मूल, तर इथे पावणेतीनाच्या आतले. पण चरबीच्या बाबतीत फरक तेवढा नाही. हलक्या, अशक्त घरांतली मुलेच गळाली असती, तर हे दिसले असते काय?

आपल्या खेड्यांतली गळती कशी होते, हे श्रोत्यांस सांगायला नको. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. मुलगी लग्न होऊन परगावी जाते. मुलगा कामासाठी शहर गाठतो. पावसाने दगा दिला की सारे घर ऊसतोडीला किंवा बांधकामावर निघते. जो स्थिरस्थावर आहे, तोच वहीत टिकतो. तेव्हा टिकलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष सुस्थित घरांचा होतो, आणि त्यावरून आखलेली योजना गरिबाला लावली जाते.

शोधाला आधार लागतो तो कायम चालणाऱ्या नोंदवह्यांचा. मुंबईत 1963 साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, आणि नागपुरात 1980 साली. तपासणीला न आलेली बाई अशा वहीत सापडली, तर निदान तिचे पुढे काय झाले ते कळते. मात्र वही पुरी ठेवणारा माणूस हवा, आणि दारी आलेल्या कार्यकर्त्याला दोन शब्द सांगणारे घरही हवे. अभ्यासातून बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो कोणी हिरावू नये. पण “आता येणार नाही, कारण असे असे” एवढे त्याने सांगितले, तरी कोरा रकाना बोलका होतो.

मानमोडीतल्या त्या कोतवालाला निरोप ठेवायला सवड मिळाली नाही. त्याच्या गावच्या मेलेल्यांची संख्या आज आपण अंदाजाने मांडतो. पुढच्या पिढीने आपल्याविषयी अंदाज करीत बसावे, की आपण तिला पुरती वही द्यावी, हे ठरवणे मात्र अजून आपल्या हाती आहे.