हातकागद, वनस्पतिजन्य (चंद्रपूर–गडचिरोली)

वनस्पतींचे तंतू सोड्याच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवून, कुटून, पाण्यात पसरवून जाळीवर हाताने उचललेला कागद. प्रस्तुत नोंद घरच्या चुलीवर, नवशिक्याला जमेल एवढ्या कामापुरती आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे. कागजीपुऱ्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळापर्यंत मागे नेली जाते. विदर्भात या धंद्याला नवी चालना मिळाली ती वर्ध्याहून. तेथे 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली चाललेल्या उद्योगांत हातकागदही होता. 1940 मध्ये प्रा. के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था उभी केली. या संस्थेचा मुख्य कच्चा माल सुती चिंध्या.

बांबू : कागदाच्या संदर्भात या दोन जिल्ह्यांचे नाव निघते ते बांबूमुळे. बल्लारपूरची गिरणी 1945 ची. नंतर चामोर्शी तालुक्यात आष्टी येथेही कारखाना उभा राहिला. तरीही नवशिक्याने बांबूपासून सुरुवात करू नये. बांबूत साधारण पाव हिस्सा लिग्निन असते. गिरणीत तो दाबाखाली, 160–170 अंश सेल्सिअसला, तीव्र रसायनांत शिजतो. उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे दिवसभर जाळ घातला तरी पेर कडकच राहते. चिनी कारागीर कोवळे बांबू चुन्यात महिनोन्महिने मुरवून हा प्रश्न सोडवत आले. इकडे वास्ता, म्हणजे बांबूचा कोवळा कोंब, भाजीसाठी लागतो, आणि रांजीची (बांबूच्या बेटाची) पुढची वाढही त्याच्यावरच असते; कागदासाठी तो तोडणे योग्य नाही.

बांबू हे गवत की झाड, हा वाद वनखात्यात व गावांत दीर्घकाळ चालला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरवले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. परंतु तोडलेला माल बाहेर नेण्याचे वाहतूक परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते 27 एप्रिल 2011 रोजी, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत. वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबू 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. सामूहिक हक्काच्या जंगलातून बांबूच काय, वाखाची साल आणायची तरी आधी ग्रामसभेला विचारावे.

योग्य वनस्पती : धानाची तणस सर्वांत सोपी, ती घरोघरी असते आणि लवकर शिजते. तिचा तंतू आखूड, जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणून नुसत्या तणसीचा कागद ठिसूळ होतो. शिवाय तिच्यातील सिलिकामुळे लगद्यातून पाणी हळू निथळते. यावर उत्तम उपाय अंबाडी. भाजीसाठी पाने खुडून झाल्यावर उरलेल्या काड्या बोडीत (लहान तळ्यात) कुजवून काढलेला वाख तणसीत एक चतुर्थांश मिसळला, तरी कागदाला जोर येतो. केळीचे सोपट, सण आणि मुरुडशेंगेची सालही चालते.

कृती : अर्धा किलो कोरडी तणस दोन-तीन सेंटिमीटर लांबीची कापून रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाच-सहा लिटर पाण्यात 75 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात ती दोन तास उकळावी. भांडे स्टीलचे किंवा एनॅमलचे असावे. ॲल्युमिनियम सोड्याने खराब होते. काम अंगणात, हातमोजे घालून करावे. पेर बोटांनी चिरडले की शिजले असे समजावे. वाख वेगळा शिजवावा, त्याला सोडा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. पाणी नितळ येईपर्यंत धुऊन उखळात कुटावे. मिक्सर वापरल्यास तंतू कापले जातात, कुटल्याने मात्र ते फुलतात. कागदाचे बळ या फुलण्यात आहे, म्हणून येथे कंटाळा करू नये. चिमूटभर लगदा पेलाभर पाण्यात हलवावा. गाठी दिसल्यास कुटणे अपुरे झाले.

टोपात दहा लिटर पाण्याला सुमारे 50 ग्रॅम कोरड्या वजनाइतका लगदा ढवळावा. मच्छरजाळी ताणून बसवलेली लाकडी चौकट आणि तिच्यावर बिनजाळीची दुसरी, अशी जोडी तिरपी बुडवून आडवी वर उचलावी. पाणी ओघळत असतानाच चौकट मागेपुढे व डावी-उजवीकडे हलकेच हलवली म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. निथळल्यानंतर हलवल्यास ताव फाटतो. वरची चौकट काढून ताव ओल्या सुती कापडावर उलटावा, थरावर थर रचून पाटा ठेवून दाबावा आणि कापडासकट भिंतीवर वाळवावा.

खळ व घोटाई : शाईने लिहायचे असल्यास तांदळाची पातळ खळ लावून, वाळल्यावर शंखाने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटावे.

रंग : पळसफुलांचा पिवळा; उन्हात विटतो.

सांडपाणी : शिजवणीचे काळपट पाणी क्षारयुक्त असते. ते बोडीत किंवा नाल्यात सोडू नये. चिंचेच्या कोळाने त्याची तीव्रता कमी करून, भरपूर पाणी मिसळून, विहिरीपासून दूर पडीक जागी जिरवावे.