एकाच बँडमधून निघालेल्या दोन वाटा : पीटर गॅब्रिएल आणि फिल कॉलिन्स

१९८६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या गीतक्रमवारीत एक विलक्षण योगायोग घडला. ‘जेनेसिस’ या ब्रिटिश बँडचे ‘इन्व्हिजिबल टच’ हे गीत पहिल्या स्थानी होते. पुढच्याच आठवड्यात त्याला खाली सारून ‘स्लेजहॅमर’ हे गीत तेथे जाऊन बसले. ‘स्लेजहॅमर’चे गायक पीटर गॅब्रिएल हे त्याच बँडचे माजी मुख्य गायक, तर ‘इन्व्हिजिबल टच’ गाणारे फिल कॉलिन्स हे गॅब्रिएल यांच्यानंतर त्या जागी उभे राहिलेले ड्रमवादक. या दोघांची तुलना रॉक संगीताचे रसिक गेली चार दशके करीत आले आहेत. बहुधा ती एकाला ‘कलावंत’ आणि दुसऱ्याला ‘व्यावसायिक’ ठरवून संपते. ही विभागणी कितपत खरी, हे पाहण्यासाठी दोघांच्या एकल कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.

समान उगम

जेनेसिसची स्थापना १९६७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातील चार्टरहाउस या निवासी शाळेत झाली. गॅब्रिएल (जन्म १३ फेब्रुवारी १९५०) हे संस्थापकांपैकी एक. कॉलिन्स (जन्म ३० जानेवारी १९५१) लंडनचे. त्या शाळेच्या वर्तुळाबाहेरचे. एका संगीत साप्ताहिकातील जाहिरात वाचून ते १९७० मध्ये ड्रमवादक म्हणून बँडमध्ये दाखल झाले. ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) आणि ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) या अल्बमांनी बँडला नाव मिळवून दिले. मुखवटे आणि वेषभूषा धारण करून गीतातील पात्रे रंगमंचावर उभी करणारे गॅब्रिएल हा त्या प्रयोगांचा केंद्रबिंदू होता.

१९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडले. पहिल्या कन्येच्या जन्मावेळी उद्भवलेली गंभीर परिस्थिती आणि बँडच्या चाकोरीचा आलेला कंटाळा, ही त्यामागची प्रमुख कारणे. नव्या गायकासाठी बऱ्याच जणांच्या चाचण्या झाल्या; कोणीच पटेना. अखेर मागे बसून साथीला गाणारे कॉलिन्सच पुढे आले आणि ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ (१९७६) हा अल्बम त्यांच्या आवाजात निघाला. गायक होण्याची महत्त्वाकांक्षा बाळगून त्यांनी ही जागा घेतलेली नव्हती, ही गोष्ट पुढच्या तुलनेत विसरता येत नाही.

गॅब्रिएल : स्वतःच्या वेळेने

गॅब्रिएल यांचे पहिले एकल गाणे ‘सॉल्सबरी हिल’ (१९७७). बाथ शहराजवळच्या एका टेकडीचे नाव धारण करणारे हे गीत बँड सोडण्याच्या निर्णयाविषयी आहे. त्यानंतरचा त्यांचा हट्ट प्रसिद्ध आहे : १९७७, १९७८, १९८० आणि १९८२ या वर्षांत निघालेल्या चारही अल्बमांचे नाव एकच, ‘पीटर गॅब्रिएल’. नियतकालिकाचे अंक निघावेत तसे ते निघाले. विक्रेत्यांची अडचण एवढी की चौथ्या अल्बमाला अमेरिकेत ‘सिक्युरिटी’ असे वेगळे नाव देण्यात आले.

यांतील तिसरा अल्बम निर्णायक ठरला. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या कोठडीत १९७७ मध्ये मृत्यू पावलेले वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्यावरील ‘बिको’ हे गीत त्यातले. येथून गॅब्रिएल यांच्या कामात दोन सूत्रे कायमची आली : मानवी हक्कांचा आग्रह आणि युरोपाबाहेरच्या संगीताची ओढ. पहिल्या सूत्रापायी ते ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मैफलीत गायले. दुसऱ्या सूत्रातून ‘वोमॅड’ हा जागतिक संगीताचा महोत्सव आणि १९८९ मध्ये ‘रिअल वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रण संस्था उभी राहिली. नुसरत फतेह अली खाँ यांची कव्वाली पाश्चात्त्य श्रोत्यांच्या घरांत पोहोचवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ या चित्रपटासाठी गॅब्रिएल यांनी केलेल्या ‘पॅशन’ (१९८९) या संगीतात नुसरत यांचा स्वर आहे आणि भारतीय व्हायोलिनवादक एल. शंकर यांचे वादनही.

लोकप्रियतेचे शिखर मात्र एकच : ‘सो’ (१९८६). ‘स्लेजहॅमर’ हे अमेरिकेतील त्यांचे एकमेव अव्वल गीत. मातीच्या आणि वस्तूंच्या चौकटी-चौकटीने हलणाऱ्या आकृतींनी सजलेल्या त्याच्या चित्रफितीने १९८७ मध्ये एमटीव्हीचे नऊ पुरस्कार मिळवले. पुढे वेग मंदावला. ‘अस’ १९९२ मध्ये, ‘अप’ २००२ मध्ये, आणि त्यानंतरचा नव्या गीतांचा अल्बम ‘आय/ओ’ थेट २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. त्यातील गीते वर्षभर प्रत्येक पौर्णिमेला एकेक करून प्रसिद्ध झाली.

कॉलिन्स : घाईतला माणूस

कॉलिन्स यांची एकल कारकीर्द घटस्फोटातून उभी राहिली. मोडलेल्या संसाराच्या काळात घरी एकट्याने मुद्रित केलेल्या कच्च्या गीतांतून ‘फेस व्हॅल्यू’ (१९८१) हा अल्बम आकाराला आला. त्यातील ‘इन द एअर टुनाइट’ची रचना सांगण्यासारखी आहे. यंत्राच्या एकसुरी ठेक्यावर आणि दबल्या आवाजात गाणे साडेतीन मिनिटांहून अधिक काळ चालते आणि मग अकस्मात ड्रम कोसळतात. त्या क्षणाची वाट पाहणे हेच त्या गाण्याचे नाट्य.

पुढील दशकात त्यांनी केलेल्या कामाचे प्रमाण थक्क करणारे आहे. जेनेसिसचे गायक, स्वतंत्र गायक, इतरांसाठी ड्रमवादक व निर्माते अशा भूमिका ते एकाच वेळी निभावत होते. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मदतनिधी मैफलीत ते लंडनला गायले आणि कॉन्कॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून त्याच दिवशी फिलाडेल्फियातही उभे राहिले. ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’ (१९८५) या अल्बमाला वर्षातील सर्वोत्तम अल्बमाचा ग्रॅमी मिळाला. १९८४ ते १९८९ या काळात त्यांची सात एकल गीते अमेरिकेत प्रथम स्थानी पोहोचली. बेघरांविषयीचे ‘अनदर डे इन पॅरडाइज’ हे त्यांतील शेवटचे. धनाढ्य गायकाने गरिबीवर गावे काय, अशी टीका त्यावर झाली. गॅब्रिएल यांच्या ‘बिको’च्या वाट्याला आलेला आदर त्याला लाभला नाही.

सर्वत्र ऐकू येण्याची किंमतही त्यांनीच मोजली. नव्वदच्या दशकात त्यांचे नाव अतिपरिचयाचा उपहास म्हणून घेतले जाऊ लागले. सर्व वाद्ये स्वतः वाजवून केलेला ‘बोथ साइड्स’ (१९९३) हा अंतर्मुख अल्बम आधीच्या यशाजवळ गेला नाही. १९९६ मध्ये त्यांनी जेनेसिस सोडले. ‘टार्झन’ (१९९९) चित्रपटातील गीताने त्यांना ऑस्कर मिळवून दिले, परंतु ‘टेस्टिफाय’ (२००२) नंतर नव्या गीतांचा एकल अल्बम आला नाही. ‘गोइंग बॅक’ (२०१०) हा जुन्या अमेरिकी सोल गीतांच्या पुनर्गायनाचा होता. दरम्यान मानेच्या मणक्याच्या विकाराने हातांतील बळ गेले आणि ड्रमच्या काठ्या धरणेही अशक्य झाले. ज्याची ओळखच वादनातून झाली, त्याच्यावरचा हा आघात.

तुलना

संख्येने पाहता दोघे जवळजवळ समान आहेत. कॉलिन्स यांचे आठ स्टुडिओ अल्बम १९८१ ते २०१० या एकोणतीस वर्षांतले. गॅब्रिएल यांचे नव्या गीतांचे आठ अल्बम १९७७ ते २०२३ या शेहेचाळीस वर्षांतले. विक्रीत कॉलिन्स फार पुढे, समीक्षकांच्या मर्जीत गॅब्रिएल. ऑस्करच्या बाबतीतही तसेच : ‘वॉल-ई’ चित्रपटातील गॅब्रिएल यांचे गीत २००९ मध्ये नामांकनापर्यंत पोहोचले, पण त्या वर्षीचा मान ए. आर. रहमान यांच्या ‘जय हो’ला गेला.

परंतु ‘प्रयोगशील विरुद्ध धंदेवाईक’ ही विभागणी एका मुद्द्यावर कोलमडते, तो म्हणजे ड्रमचा आवाज. ऐंशीच्या दशकाची खूण बनलेला, घुमून झटकन तुटणारा तो नाद गॅब्रिएल यांच्या तिसऱ्या अल्बमाच्या वेळी लंडनमधील स्टुडिओत सापडला. ‘इंट्रूडर’ या गीतात ड्रम वाजवत होते स्वतः कॉलिन्स, ध्वनिमुद्रक होते ह्यू पॅडगम, आणि झांजा अजिबात वापरायच्या नाहीत ही अट होती गॅब्रिएल यांची. वर्षभराच्या आत पॅडगम यांच्याच साह्याने कॉलिन्स यांनी तोच नाद ‘इन द एअर टुनाइट’मध्ये जगभर पोहोचवला. म्हणजे सर्वांत लोकप्रिय गाण्याचा आत्मा प्रयोगातून आला, आणि त्या प्रयोगात ‘व्यावसायिक’ ठरवलेल्याचे हात होते.

वैराची कल्पनाही तशीच पोकळ. १९८२ चा पहिला वोमॅड महोत्सव आर्थिकदृष्ट्या बुडाला, गॅब्रिएल कर्जात सापडले. तेव्हा २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स येथे जेनेसिसचे जुने सहकारी त्यांच्यासाठी एकत्र आले आणि त्या एका मैफलीच्या उत्पन्नाने कर्जाचा भार हलका केला. त्या सायंकाळी ड्रमवर कॉलिन्स होते.

ऐकायला कोठून आरंभ करावा?

गॅब्रिएल यांच्यासाठी १९८० चा तिसरा अल्बम, ‘सो’ आणि ‘पॅशन’. कॉलिन्स यांच्यासाठी ‘फेस व्हॅल्यू’, ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’ आणि दुर्लक्षित ‘बोथ साइड्स’. शक्य असल्यास ‘इंट्रूडर’ आणि ‘इन द एअर टुनाइट’ लागोपाठ ऐकावीत. २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये जेनेसिसची अखेरची मैफल झाली. कॉलिन्स खुर्चीत बसून गात होते, ड्रमवर त्यांचा मुलगा निक होता, आणि प्रेक्षकांत गॅब्रिएल बसले होते.