लाडक्या माशाची किंमत

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. मागच्या ईदीच्या पैशांत वडिलांनी थोडी भर घातली आणि त्याने खाऱ्या पाण्याची टाकी व एक ‘निमो’ घरी आणला. निमो म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. दुकानदार म्हणाला होता, “हा मासा माणूस ओळखतो.” आठवडाभरात तो खरंच पोराला पाहून काचेशी यायला लागला. सोळाव्या दिवशी सकाळी तळाशी आडवा पडलेला सापडला. पोरगा दिवसभर जेवला नाही. घरात कोणीतरी म्हणालं, “अरे, मासाच तर होता!”

मला मात्र एक रोमन पुढारी आठवला.

लुसियस क्रॅसस हा रोमचा नामांकित वक्ता. इ.स.पू. ९२ मध्ये तो आणि डोमिशियस हे दोघे सेन्सर होते, म्हणजे जनगणना करणारे आणि नागरिकांच्या वागणुकीवर नजर ठेवणारे बडे अधिकारी. क्रॅससने समुद्राच्या पाण्याच्या तळ्यात एक मुरे ईल पाळली होती. आपल्याकडच्या वामीसारखा लांबलचक, पण दिसायला जास्त भयानक असा हा मासा. ती त्याच्या हाकेला येई, असं जुने लेखक सांगतात. ती मेली तेव्हा क्रॅसस रडला. डोमिशियसने त्यावरून टोमणा मारला, तर क्रॅससने उलट सुनावलं की तुझ्या तीन बायका गेल्या, तू एकीसाठीही डोळे ओले केले नाहीस.

हे वेड त्याच्या एकट्याचं नव्हतं. हॉर्टेन्शियस हा दुसरा वक्ताही आपल्या ईलसाठी रडल्याची नोंद प्लिनीने केली आहे. त्याच ठिकाणी पुढे राहणाऱ्या अँटोनियाने तर लाडक्या ईलला कानातली घातली. लुकुलस नावाच्या सेनापतीने आपल्या तळ्यांत समुद्राचं पाणी यावं म्हणून नेपल्सजवळ डोंगर फोडला.

म्हणजे ‘स्वभाव असलेला’ समुद्री मासा निवडून पाळायची हौस दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पण त्याच किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट आहे. व्हेडियस पोलिओ या धनाढ्याकडे सम्राट ऑगस्टस जेवायला गेला होता. एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा प्याला फुटला. पोलिओने हुकूम दिला, ह्याला ईलच्या तळ्यात टाका. गुलाम ऑगस्टसच्या पायाशी पडला. ऑगस्टसने त्याला सोडवलं, पोलिओची स्फटिकाची सगळी भांडी फोडायला लावली आणि ते तळं बुजवायला सांगितलं.

एका घरी माशाच्या कानात दागिना, दुसऱ्या घरी त्याच जातीच्या माशापुढे जिवंत माणूस. हौस करणाऱ्यांची नावं पुस्तकांत आली. त्या गुलामाचं नाव कोणीच लिहून ठेवलं नाही.

आता एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या. ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि ते जगवून दाखवले. तेव्हा वीज नव्हती, हवा सोडणारा पंप नव्हता. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही, रोज अर्धा-पाऊण तास. घरगुती मत्स्यालयाचा पहिला पंप म्हणजे एका मोलकरणीचे हात!

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं पुस्तक आलं आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. खडकांतल्या डबक्यांतले जीव ओरबाडून नेले गेले. पुढे गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आठवणींत लिहिलं की वडिलांच्या पुस्तकांनी जी आवड लावली तिनेच ते किनारे उजाड केले आणि हे पाहून वडिलांना फार यातना झाल्या. त्या माणसाचं समुद्रावरचं प्रेम खोटं नव्हतं, तरीही किनारा वाचला नाही.

आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, एका पारशी दानशूराच्या देणगीतून. माझ्या पिढीच्या कितीतरी मुलांनी रंगीत समुद्री मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. त्याच सुमाराला जगात विमानवाहतूक वाढली आणि प्रवाळातले मासे प्लास्टिकच्या पिशवीत बसून देशोदेशी जाऊ लागले. फिलिपिन्स आणि इंडोनेशिया हे त्यांचे मोठे पुरवठादार.

तिथेच या इतिहासाचं सगळ्यात काळं पान आहे. चपळ मासा प्रवाळाच्या फटीत शिरला की हाती लागत नाही. म्हणून १९६० च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये सोडियम सायनाइडचं पाणी फटीत मारून माशाला गुंगवायची पद्धत सुरू झाली. १९७५ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आली, पण ती थांबली नाही. गुंगलेले बरेच मासे वाटेत किंवा थोड्या दिवसांनी मरतात, आजूबाजूचं प्रवाळ मरतं. आणि पाणबुडे कोण? बोटीवरच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खोल जाणारी गरीब कोळ्यांची पोरं. काहींना त्यात कायमचं अपंगत्व येतं.

मग मासा पाळूच नये का? मी असं म्हणत नाही. पण निवडताना फक्त त्याचा स्वभाव बघून चालणार नाही. तो कुठून आला हेही विचारायला हवं.

उदाहरणार्थ, क्लीनर रास हा लहानसा निळा-काळा मासा. आरशातली स्वतःची प्रतिमा तो ओळखतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आलं. मग हाच आणावा असं वाटेल. पण तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या टाकीत ते पुरेसे नसतात, म्हणून तो बहुधा उपाशी मरतो. पफर मालकाला ओळखतो, खाण्यासाठी काचेशी लाडीगोडी करतो. पण त्याच्या काही जाती फूटभर वाढतात, आणि दात झिजावेत म्हणून त्यांना कवचाचं खाणं लागतं. ट्रिगरफिश हुशार आहे, पण शेजाऱ्यांना चावतो. समुद्री घोड्याचा तर विचारही नको, आपल्याकडे २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

शेवटी राहतो आपला क्लाउनफिश. त्याच्या घरात सर्वांत मोठी असते ती मादी. ती मेली तर तिचा नरच मादी होतो. अंडी नर सांभाळतो. नीट ठेवला तर वीस वर्षंही जगतो. मुख्य म्हणजे माणसाच्या देखरेखीखाली तो पिल्लं देतो. १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी ही पैदास व्यापारी पातळीवर नेली. आज आपल्याकडेही केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था ते करते, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही त्याची पैदास झाली आहे. असा मासा घेतला तर कुठल्याही प्रवाळावर विष पडत नाही.

भाच्याचा मासा का मेला, ते नंतर कळलं. टाकी आदल्या दिवशी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासा सोडला. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत जम बसवायला काही आठवडे घेतात. दुकानदाराने हे सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तो मासा समुद्रातून पकडलेला होता की पैदास केलेला, हेही नाही.

अम्मी त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “मुक्या जिवाला कोंडलंस ना, मग त्याचं खाणं-पिणं, हवा-पाणी सगळं तुझ्या जिम्मे.”

आता दीड महिना झाला, टाकीत नुसतं खारं पाणी आणि दगड आहेत. पोरगा दर जुम्म्याला पाणी तपासून वहीत आकडे लिहितो. परवा अमोनिया शून्यावर आला. संध्याकाळी तो दुकानात गेला आणि काचेतल्या निमोकडे बघण्याआधी त्याने विचारलं, “अंकल, हा कुठला आहे?”

दुकानदाराला उत्तर देता आलं नाही. पोरगा रिकाम्या हाताने घरी आला. या वेळी रडला नाही.